लुइझियानातील जिझेल

बॅले म्हटला की राजवाडा, हंस आणि गुलाबी मोजे घातलेल्या गोऱ्यापान मुली असे एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. त्यात कृष्णवर्णीय मुलीला जागा नव्हती, आणि ती का नसावी असे विचारणारेही थोडेच होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९६९ साली आर्थर मिचेल व कारेल शुक यांनी स्थापन केलेल्या 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' या संस्थेने देशोदेशी फिरून हे चित्र बदलले. तिच्या दौऱ्यांतील जुन्या-नव्या रचनांविषयी आम्हांला काही सांगावयाचे आहे. हे प्रयोग आम्ही रंगमंचावर पाहिलेले नाहीत, चित्रफितींवर पाहिले आहेत. चित्रफितीत कॅमेरा चेहऱ्याकडे धावतो आणि नेमके पाय सुटतात. आमच्या मतांना ही मर्यादा आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

मिचेल हे न्यूयॉर्क सिटी बॅलेचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख नर्तक. १९५७ साली बालान्शिन यांच्या 'आगॉन' या रचनेत ते डायना ॲडम्स या गोऱ्या नर्तिकेसोबत नाचले. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि आपली विद्या आपल्याच वस्तीतील मुलांना द्यावी असा निश्चय मिचेल यांनी केला. आरंभीचे वर्ग एका गराजमध्येही भरत. उकाड्यामुळे दारे उघडी ठेवावी लागत आणि रस्त्यावरची पोरे आत डोकावत. त्या डोकावणाऱ्यांतूनच पुढचे विद्यार्थी मिळाले.

या मंडळीची सर्वांत मोलाची निर्मिती, आमच्या मते, 'क्रिओल जिझेल'. लंडनमध्ये १९८४ साली ती प्रथम रंगमंचावर आली. मूळ 'जिझेल' १८४१ची, पॅरिसची. ऱ्हाइनकाठच्या खेड्यातील एक भाबडी मुलगी आणि गरिबाचे सोंग घेऊन तिच्यावर प्रेम करणारा सरदारपुत्र यांची ती कथा. सोंग उघडे पडते, मुलीचे भान हरपते आणि ती प्राण सोडते. फ्रेडरिक फ्रँकलिन यांनी मूळ नृत्यरचना व आडोल्फ आदांचे संगीत बव्हंशी तसेच ठेवले आणि कथा मात्र त्याच काळच्या लुइझियानात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या समाजात नेली. ज्याचे घराणे गुलामीतून जितक्या आधी सुटले, तितकी त्याची प्रतिष्ठा अधिक, अशी त्या समाजाची उतरंड होती. जिझेलचे घर खालच्या पायरीवर आणि आल्बर्टचे वरच्या.

हा बदल केवळ नेपथ्याचा असता तर त्याबद्दल इतके लिहिण्याचे कारण नव्हते. युरोपीय प्रयोगांत आता सरदार आणि शेतकरी यांतील अंतर पोशाखापुरते उरले आहे. प्रेक्षक ते परीकथेतले म्हणून सोडून देतो. लुइझियानात मात्र दोघांचा वर्ण एक, दोघांचे पूर्वज एकाच बेडीतले, तरीही एकाने दुसऱ्याला खालचे मानावे हे मनाला टोचते. मंगळवारच्या नोव्हेनाला एकाच बाकावर बसणारी आणि सोयरीक जुळवताना मात्र घराणे विचारणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत. जिझेलचे वेड येथे प्रथमच आम्हांला पटले.

दुसऱ्या अंकात लग्नाआधी मरण पावलेल्या मुलींची भुते, म्हणजे विली, रात्री भेटेल त्या पुरुषाला दमून मरेपर्यंत नाचवतात. आल्बर्टला जिझेल आपल्या कबरीवरील क्रूसाच्या आश्रयाला नेते. हा प्रसंग मूळ संहितेतलाच आहे. ज्याने फसवले त्यालाच ती पहाटेपर्यंत राखते, आणि हे सारे एकही शब्द न उच्चारता. व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ही भूमिका करताना कोठेही कीव मागितलेली नाही. क्षमेचा इतका संयत आविष्कार आम्ही क्वचितच पाहिला आहे.

मोज्यांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुलाबी मोजे गोऱ्या पायाचा रंग पुढे चालू ठेवण्यासाठी असतात. मग सावळ्या पायाला ते का? १९७०च्या दशकात या संस्थेने प्रत्येकीच्या वर्णाशी जुळणारे मोजे व बूट रंगवून घेण्यास आरंभ केला. त्यामुळे पायाची रेषा कमरेपासून बोटांच्या टोकापर्यंत अखंड दिसते. बाब साधी, पण तिच्यामागे विचार आहे.

नव्या रचनांत जेफ्री होल्डर यांची १९७४ची 'डगला' आपल्याला जवळची वाटावी. त्रिनिदादमध्ये भारतीय आणि आफ्रिकी आईबापांच्या संततीला डगला म्हणतात. शब्द आपल्याकडच्या 'दोगला'चाच, आणि तिकडेही तो मुळात हिणवण्याचाच. होल्डर यांनी त्याच नावाने ढोलांच्या घोषात एक दिमाखदार लग्न रंगवले. पोशाखाचा थाट कधीकधी नृत्यावर मात करतो, हा दोष मात्र आहे. रॉबर्ट गारलंड यांची १९९९ची 'रिटर्न' जेम्स ब्राऊन व अरीथा फ्रँकलिन यांच्या गाण्यांवर बांधलेली आहे. ती अधिक हलकी, अधिक खेळकर. गारलंड २०२३पासून संस्थेचे कलासंचालक आहेत.

ही मंडळी १९८८ साली सोव्हिएत संघात आणि १९९२ साली, वर्णभेदाची राजवट मोडकळीस आली असताना, दक्षिण आफ्रिकेत गेली. परंतु दौरे महाग असतात. २००४ साली सुमारे २३ लाख डॉलरांच्या कर्जाखाली तिचे प्रयोग थांबले, ते आठ वर्षे. २०१२ साली ती पुन्हा दौऱ्यावर निघाली तेव्हा तिच्यात अठरा नर्तक-नर्तिका होत्या. एका संध्याकाळी तीन-चार छोट्या रचना, थोड्या जुन्या, थोड्या नव्या, हा तिच्या कार्यक्रमाचा घाट समीक्षक अभिरुचीचा म्हणून वाखाणतात. आम्हांला त्यात हिशोबाची वहीही दिसते. एकट्या विलींच्या थव्यालाच वीस-चोवीस नर्तिका लागतात, आणि त्या अठरांत पुरुषही होते.