पडद्यावरचा वन्स मोअर
(पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘घरच्या टीव्हीवर संगीत नाटक बघणं’. त्यांना वाटलं असावं, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आता तासभर टीव्हीला शिव्या घालणार. तसं मी करणार नाही. मला ते परवडणारं नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या पनवेलला वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. माणूस शिरढोणचा, म्हणजे आपल्याच तालुक्यातला. त्या नाट्यगृहात मी आणि माझी बायको नियमित जात असू. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं पुष्कळसं परत आलं, पण तीन तास खुर्चीत बसणं, पायऱ्या, गर्दी हे जमत नाही. मग मुलाने भिंतीवर एक मोठा टीव्ही बसवून दिला. तेव्हापासून आमचं नाट्यगृह ते.

त्या पडद्यावर आम्ही दोन तऱ्हेचं बघतो. एक, आपली संगीत नाटकं. दुसरं, युरोप-अमेरिकेतल्या ऑपेरांची चित्रणं. मी पूर्वी पनवेल लोकलने सव्वा तासाच्या वर प्रवास करून सीएसएमटीला उतरायचो आणि नरिमन पॉइंटला एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर बघायचो. मेटने हा उपक्रम ३० डिसेंबर २००६ ला मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’पासून सुरू केला. आता तसली चित्रणं घरातच येतात. इटालियन, जर्मन मला येत नाही, पण खाली ओळी उमटतात. नाट्यगृहातसुद्धा अशा ओळी दाखवायला सुरुवात झाली ती १९८३ मध्ये, कॅनडात. त्याआधी भाषा न येणारा माणूस नुसता सूर ऐकून घरी जायचा.

आता मुद्द्याकडे येऊ. प्रश्न साधा आहे. घरी पडद्यावर आपण जे बघतो, ते नाटक असतं का?

अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. सातही सांगत बसत नाही. दोन घेऊ. एक आहे स्फुटत्वाभाव, म्हणजे समोरचं स्पष्ट न दिसणं, स्पष्ट न उमगणं. दुसरं आहे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला असणं. मुलीचं लग्न ठरत नाही, गुडघा दुखतोय, उद्या बँकेत जायचंय. असा माणूस शकुंतलेच्या दुःखात जाणार कसा?

हाय डेफिनिशन चित्रणाने पहिलं विघ्न जवळजवळ संपवलं, हे कबूल केलं पाहिजे. हिशेब बघा. आपण ज्या व्हीसीडी घ्यायचो, त्यांच्या एका चौकटीत लाखभर ठिपके असत. आताच्या चौकटीत वीस लाखांहून जास्त आहेत. माझी ऐपत नेहमी बाल्कनीची. तिथून नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी मला कधी दिसलं नाही. ते आता दिसतं. तंबोऱ्याच्या तारेवरचं बोट दिसतं. हा लाभ लहान नाही.

पण दुसरं विघ्न? अभिनवगुप्त त्यावर उपायही सांगतात. वाद्यं, गाणं, सजवलेला मंडप, हे सगळं कशासाठी, तर प्रेक्षकाला त्याच्या घरगुती मनातून उचलून बाहेर काढण्यासाठी. म्हणजे मंडपात जाणं हा नुसता प्रवास नव्हे, तो रसाच्या तयारीचा भाग आहे. तिसरी घंटा, दिवे मंदावणं, नांदी, हे सगळं आपल्याला आपल्यातून सोडवत असतं. आणि आपण काय केलं? मंडपच घरात आणला! जिथे कुकर आहे, बेल आहे, फोन आहे. सुभद्रा विलाप करतेय आणि दारात गॅसवाला उभा. आपण बटण दाबतो, ती तोंड उघडं ठेवून थांबते. (हशा) हसू नका, तुम्हीही हेच करता. म्हणजे या यंत्राने एक विघ्न दूर केलं आणि दुसरं दिवाणखान्यात आणून बसवलं.

दुसरी गोष्ट अंतराची. १९१२ साली एडवर्ड बुलो नावाच्या अभ्यासकाने ‘मानसिक अंतर’ या कल्पनेवर एक निबंध लिहिला. कलेचा आस्वाद घ्यायला एक विशिष्ट अंतर लागतं, ते फार वाढलं तर आपण कोरडे राहतो, फार कमी झालं तर कला उरत नाही, असा त्याचा आशय. मला हे वाचताना नेहमी बालगंधर्व आठवतात. पुरुषाने स्त्री व्हायचं, आणि उमर उलटल्यावरही तरुणी व्हायचं, हे सगळं अंतरावर उभं असतं. प्रेक्षक आणि नट यांच्यामधली ती पंचवीस-तीस हात जागा मोकळी नसते. तिथे प्रेक्षकाची कल्पना काम करत असते. कॅमेरा ती जागा खाऊन टाकतो. ऑपेरातही तेच आहे. पुच्चिनीची ‘मादामा बटरफ्लाय’ कथेप्रमाणे पंधरा वर्षांची, आणि तो भार पेलणारा गळा तयार व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. लांबून ती पंधराची वाटते, कारण आवाज आपल्याला तसं पटवतो. वीस लाख ठिपक्यांत मात्र आपल्याला रंगाचा थर दिसतो, घाम दिसतो, विगची कडा दिसते. मग आपण म्हणतो, ‘ही काही पंधराची वाटत नाही.’ चूक तिची नाही. चूक आपण जिथे बसलोय त्या जागेची आहे.

माझी खरी तक्रार मात्र यंत्राविषयी नाही, चित्रण करणाऱ्यांविषयी आहे. आमच्याकडे ‘सौभद्र’ची एक जुनी व्हीसीडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही. नांदी कापलेली. पदांतल्या ताना, आलाप छाटलेले, कारण दोन तबकड्यांत नाटक बसवायचं होतं. आणि पद सुरू झालं, की कॅमेरा गाणाऱ्याच्या तोंडात जाऊन बसतो. दात मोजून घ्या! आता कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं सांगतो तो प्रवेश घ्या. कृष्ण गातोय, हे अर्धंच खरं आहे. रुक्मिणी ऐकतेय, हे उरलेलं अर्धं. तिचा रुसवा त्या सुरांनी कसा उतरतो, त्यात नाट्य आहे. पद म्हणजे नाटकात घुसवलेली मैफल नव्हे, ती दोन पात्रांमध्ये घडणारी घटना आहे. नाट्यगृहात मी ठरवतो कोणाकडे बघायचं. त्या तबकडीत माझ्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलंय, आणि त्याला नाटक कळलेलं नाही.

हे चांगलं करता येतं, याचा दाखला आहे. इंगमार बर्गमनने १९७५ साली स्वीडिश टेलिव्हिजनसाठी ‘मॅजिक फ्लूट’ केला. सुरुवातीचं वाद्यसंगीत चालू असताना तो रंगमंच दाखवतच नाही. प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो. लहान, म्हातारे, नाना वंशांचे. पुढे मध्यंतरात नटमंडळी पडद्यामागे काय करतात तेही दाखवतो. म्हणजे तो लपवत नाही, की हे नाटक आहे. उलट सांगतो, ‘हे नाटक आहे, आणि तुम्ही एकटे नाही.’ आपल्या संगीत नाटकाच्या किती चित्रणांत तबला-ऑर्गनवाले धड दिसतात? गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवाँ बसत. लोक नाटकाला येत ते त्यांच्यासाठीसुद्धा. साथीदाराला चौकटीबाहेर ठेवणारा कॅमेरा नाटकाचा अर्धा प्राण बाहेर ठेवतो.

आता ऑपेरा आणि संगीत नाटक यांतला एक फरक सांगतो, कारण पडद्यावर आल्यावर दोघांचं नुकसान सारखं होत नाही. ऑपेरातला स्वर न् स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो. गायकाला त्यात मोकळीक थोडी. त्यामुळे पडद्यावर ऑपेराची रचना शाबूत राहते. जातं ते काय? आवाजाचं शरीर. मायक्रोफोनशिवाय, साठ-सत्तर वाद्यांवरून हजारो माणसांपर्यंत पोचणारा गळा, त्याचा छातीवर बसणारा धक्का. तो स्पीकरमधून येत नाही. स्पीकरमध्ये सगळेच आवाज मोठे करता येतात, मग मोठ्या आवाजाचं कौतुक कसलं?

आपल्याकडे उलट. संगीत नाटकातलं पद हे बीज असतं. ते आज किती वाढेल, हे आजचा प्रेक्षक ठरवतो. त्याचं साधन म्हणजे ‘वन्स मोअर’. इंग्रजी शब्द, पण इतका आपला झालाय, की त्याला मराठी प्रतिशब्द कुणी मागत नाही. ऑपेरात याची चैन कमी. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात १९३३ नंतर एकट्या गायकाने असं पुन्हा गाण्याचा प्रसंग थेट २००७ मध्ये आला, ह्वान दिएगो फ्लोरेस या गायकामुळे. आपल्याकडे एका रात्रीत तीन-तीन वन्स मोअर व्हायचे. आणि दुसऱ्यांदा पद तेच असलं, तरी गाणं तेच नसायचं. एखादी जागा नवी यायची. म्हणजे वन्स मोअर ही पुनरावृत्ती नव्हे, ती प्रेक्षकाने केलेली मागणी आणि गायकाने दिलेलं उत्तर आहे.

आता घरातली गोष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही ‘सौभद्र’ बघत होतो. ती जुनी तबकडी नव्हे, अलीकडचं चांगलं चित्रण. एक पद संपलं आणि ही एकदम म्हणाली, ‘वन्स मोअर!’ आजारानंतर इतक्या मोकळ्या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली असेल. मी रिमोट घेतला, मागे नेलं, पद पुन्हा लावलं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, ‘अहो, तसंच गायला की.’

मी तीस-बत्तीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं. मला जे तासभर लागतं, ते तिने चार शब्दांत सांगितलं. रिमोट पुन्हा दाखवू शकतो, पुन्हा गाऊ शकत नाही. पडदा आपल्याला बघू देतो, पण तो आपल्याला बघत नाही. आपली दाद त्या गायकापर्यंत कधीच पोचणार नाही.

मग तिला मी सांगू का, ‘हे नाटक नाही, बंद कर’? कुठल्या तोंडाने सांगू? ती ज्या आवाजात बोलली, तो आवाज त्या पडद्यानेच काढला ना! म्हणून सुरुवातीला म्हणालो, शिव्या घालणं मला परवडणारं नाही.

आणि इतिहासही बघा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. त्या रात्रीचं चित्रण नाही. समजा, कुणी लाख ठिपक्यांची, कापलेली, दात दाखवणारी का होईना, एक फीत आणून दिली, तर इथला एक तरी माणूस ‘नको’ म्हणेल का? त्या काळातून आपल्याकडे उरल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. रंगमंचावर अर्धा तास चालणारं पद त्यांत दाबून बसवलेलं. पिढ्यान् पिढ्या त्याच आकाराला आपण ‘नाट्यपद’ म्हणत आलो. ध्वनिमुद्रणाने आपल्याला थोडं फसवलं, पण ते नसतं तर आपण मुके राहिलो असतो.

म्हणून माझं म्हणणं असं. चित्रण म्हणजे नाटक नव्हे. ती नाटकाची साक्ष आहे. साक्षीदाराकडून आपण दोन गोष्टी मागतो. त्याने खरं सांगावं आणि पूर्ण सांगावं. चित्रण करणाऱ्यांकडे मी तेवढंच मागतो. नांदी कापू नका. पद अख्खं ठेवा. साथीदार दिसू द्या. अधूनमधून कॅमेरा मागे न्या, अख्खा रंगमंच दिसू द्या. प्रेक्षकांचा खोकला, टाळी, वन्स मोअर पुसून टाकू नका. आणि खाली ओळी द्या, परदेशातल्या आपल्या नातवंडांना लागतात.

आपल्याकडेही काही काम आहे. आम्ही घरी नियम केलाय. फोन आतल्या खोलीत. एक अंक पूर्ण होईपर्यंत बटणाला हात नाही. आणि शक्यतो एकट्याने बघायचं नाही. शेजारच्या दोघीतिघी येतात, अंक संपला की चहा. मंडप घरात आणलाच आहे, तर त्याला थोडा मंडपासारखा वागवू.

ज्यांचे पाय चालतात, त्यांना मात्र वेगळं सांगणं आहे. माझ्या बायकोला पडदा हा पर्याय उरलाय. तुम्हाला तो सोयीचा आहे. दोन्हींत फरक आहे. तुम्ही सगळे घरी बसलात, तर पुढच्या पिढीला चित्रण करायला प्रयोगच उरणार नाही. साक्षीदार राहील, घटना राहणार नाही.

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, मग ‘कट्यार’च्या सिनेमाचं काय? आमच्या मुलांनी नाटक न बघता सिनेमाच पाहिलाय.

उत्तर : २०१५ चा सिनेमा हे चित्रण नव्हे, तो वेगळा कलाप्रकार आहे. १९६७ च्या नाटकाची कथा घेऊन तो सिनेमाच्या व्याकरणात बोलतो. त्याला मी साक्षीदाराचे नियम लावणार नाही. तुमच्या मुलांना तो आवडला असेल तर उत्तमच झालं. पण आता त्यांना एकदा प्रयोगाला न्या. बाल्कनीत बसवा, चालेल. आणि पद आवडलं तर ओरडायला सांगा. उत्तर येतं का बघा.