छायाप्रतींचें प्रामाण्य

जुन्या कागदाच्या वाचनाविषयीं दोन संशोधकांत मतभेद झाला म्हणजे हल्लीं दोघेहि शेवटीं एकाच पंचाकडे धांव घेतात. तो पंच म्हणजे त्या कागदाची छायाप्रत. हातानें केलेल्या नकलेवर ज्यांचा काडीइतका विश्वास नसतो, तेहि छायाप्रतीपुढें मान तुकवितात. कारण उघड आहे. नकलकार थकतो, त्याची ओळ चुकते, न लागलेल्या शब्दाच्या जागीं तो ओळखीचा शब्द बसवितो. यंत्रास थकवा नाहीं आणि मतहि नाहीं. हा विश्वास निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो अर्धाच खरा आहे. छायाप्रत हा मूळ लेख नव्हे. ती मूळ लेखाविषयींची एक साक्ष आहे. साक्षीदार कितीहि प्रामाणिक असला तरी त्याची दृष्टि कशी आहे व त्याचें बोलणें आपणांपर्यंत कोणाच्या हातून पोंचलें, हें विचारल्यावांचून साक्ष ग्राह्य होत नाहीं. छायाप्रतीची दृष्टि म्हणजे तिचें रसायन. त्या रसायनाची चौकशी आपल्या मंडळींत फारशी होत नाहीं. म्हणून तीन नामांकित प्रतींच्या आधारें ती येथें करण्याचें योजिलें आहे.

छायाचित्रणाचा जुन्या लेखांशीं संबंध जन्मापासूनचा आहे. कागदावर छाया उमटविण्याची युक्ति इंग्लंडांत ज्यानें काढली, तो विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट स्वतः प्राचीन लिपींचा अभ्यासक होता. असीरियाचे कीलाकृति लेख वाचणाऱ्या पहिल्या मंडळींत त्याची गणना होते. १८४४ ते १८४६ या काळांत खंडशः निघालेल्या आपल्या 'पेन्सिल ऑफ नेचर' या ग्रंथांत त्यानें एका जुन्या छापील पानाची प्रतिकृति मुद्दाम घातली, व पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस ही कला फार उपयोगी पडेल असें सुचविलें. परंतु चांदीच्या क्षारांनीं कागदावर उमटलेली छाया टिकेना. चित्रें पिवळीं पडूं लागलीं, तेव्हां लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें १८५५ मध्यें चौकशीसाठीं एक समिति नेमिली. अपुरें धुणें, त्यामुळें कागदांत राहून गेलेला हायपो, हवेंतील गंधकयुक्त वायु आणि ओल हे दोष तींत पुढें आले. मूळ कागद तीनशें वर्षें टिकावा आणि त्याची प्रत तीस वर्षांत विटावी, अशी ही उलटी अवस्था होती. तेव्हां छाया प्रकाशानें घ्यावी, पण छापावी ती काजळाच्या शाईनें, या विचारानें जे प्रयत्न झाले त्यांतून फोटोझिंकोग्राफी निघाली. पुण्याच्या 'फोटोझिंको' या सरकारी छापखान्याचें नांव याच विद्येवरून पडलें आहे.

या विद्येची पहिली मोठी कसोटी म्हणजे 'डूम्सडे बुक' या दप्तराची प्रतिकृति. १०८६ मध्यें विल्यम राजाच्या आज्ञेवरून झालेल्या इंग्लंडच्या जमीनपाहणीचें हें दप्तर. १७८३ मध्यें तें खास पाडलेल्या टाइपांत छापलें गेलें होतें. मुळांतील संक्षेपचिन्हें दाखविण्याची त्या टाइपांत शिकस्त केली होती. पुढें १८६१ ते १८६३ या काळांत साउथॅम्प्टन येथील ऑर्डनन्स सर्व्हे खात्यानें सर हेन्री जेम्स याच्या देखरेखीखालीं त्याची छायाप्रत काढिली. कृति अशी. प्रथम कांचेवर कलोडियनचा थर देऊन पानाची उलट छाया घ्यावयाची. तींत अक्षरें पारदर्शक व कागद काळा दिसतो. मग जिलेटिन व पोटॅशियम बायक्रोमेट लावून अंधारांत वाळविलेला कागद या कांचेखालीं उन्हांत धरावयाचा. प्रकाश जेथें पोंचेल तेथें, म्हणजे अक्षरांच्या जागीं, जिलेटिन कठीण होऊन पाण्यास दाद देत नाहीं. त्या सबंध कागदास चिकट तेलकट शाई फांसून तो ऊन पाण्यानें धुतला म्हणजे मऊ राहिलेलें जिलेटिन शाईसह निघून जातें, आणि अक्षरें तेवढीं शिल्लक राहतात. तीं जस्ताच्या पत्र्यावर दाबून उतरविलीं कीं, पुढें शिळाछापाप्रमाणेंच छपाई होते. जुन्या शिळाछाप पोथींत व या प्रतींत भेद इतकाच कीं, पोथींत अक्षर लेखक घालीत असे. येथें तें सूर्यानें घातलें.

या प्रतीचा गौरव योग्यच झाला. पण तिच्या रसायनाचा स्वभाव पहा. या कृतींत शाई एक तर चिकटते, नाहीं तर धुऊन जाते. मधली स्थिति तिला ठाऊक नाहीं. करडा रंग तिच्या राज्यांत नाहीं. बोरू उचलतांना विरत गेलेली रेघ, पुसून पुन्हां लिहिलेलें अक्षर, कागदाच्या पाठीवरून फुटलेली शाई आणि नुसता डाग, या सर्वांचा निवाडा ती 'काळें' किंवा 'पांढरें' एवढाच करिते. म्हणजे जेथें वाचकानें शंका घ्यावी, नेमकें तेथेंच ती निकाल देऊन मोकळी होते. दुसरी गोष्ट अशी. मूळ दप्तरांत गांवांचीं नांवें ठळक दिसावीं म्हणून त्यांवर तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या आहेत. त्या काळच्या कलोडियनच्या कांचेस तांबडें व काळें सारखेंच दिसे. प्रतींत तांबडी शाई निराळी छापली आहे; अर्थात् ही वाटणी प्रकाशानें केलेली नसून माणसाच्या डोळ्यानें व हातानें केली आहे. तीं माणसें कुशल असतील, असणारच. परंतु जेथें हात शिरला तेथें नकलकार शिरला, हें विसरतां कामा नये.

हा दोष आपल्या पोथ्यांच्या बाबतींत किती भोंवतो, तें पाहूं. जुन्या कांचेस निळा व जांभळा प्रकाश तेवढा जाणवे. पिवळा व तांबडा तिच्या लेखीं अंधारच. आपल्या पोथींत हिंगुळानें किंवा गेरूनें लिहिलेलें 'उवाच', अध्यायसमाप्ति व दंड हीं मुद्दाम निराळीं दाखविलेलीं असतात. अशा छायाप्रतींत तीं सर्व काजळाच्या शाईंत मिसळून जातात. याहून वाईट गत हरताळाची. लेखकानें चुकलेलें अक्षर हरताळ लावून झांकलें, म्हणजे मूळ पोथींत तें पिवळ्या लेपाखालीं गेलेलें सहज कळतें. त्या कांचेस मात्र तो पिवळा लेप काळसर डागासारखा दिसतो. लेखकानें केलेली शुद्धि वाचकास शाई सांडल्यासारखी भासते, किंवा खालचें रद्द अक्षर व डाग मिळून भलतेंच अक्षर तयार होतें. पिवळट पडलेला कागदहि अशा प्रतींत काळवंडतो व फिकी शाई त्यांत बुडते. १८७३ मध्यें हर्मान फोगेल यानें रंगद्रव्यें मिसळून कांचेस हिरवा व पिवळा प्रकाश जाणवूं लागेल अशी युक्ति शोधिली, आणि १९०६ पासून सर्व रंगांस जागणाऱ्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या. यास्तव कोणतीहि जुनी छायाप्रत हातीं आली तर ती कोणत्या प्रकारच्या कांचेवर घेतली, हा पहिला प्रश्न होय.

दुसरी प्रत महाभाष्याची. पतंजलीच्या या ग्रंथाचीं हस्तलिखितें गोल्डश्टुकर याच्या देखरेखीखालीं शिळाछायामुद्रणानें लंडनमध्यें छापलीं गेलीं. तो स्वतः १८७२ मध्यें वारला, व ग्रंथ १८७४ मध्यें बाहेर पडला. छपाई विल्यम ग्रिग्ज यानें केली. एकंदर पृष्ठें ४६७४. हेंच काम हातानें अक्षरें गिरवून करावयाचें तर जो खर्च अंदाजिला होता, त्याहून ६००० पौंड कमी लागले असें ग्रिग्जच्या चरित्रांत नमूद आहे. या प्रतीवर आमचा आक्षेप नाहीं. उलट तिचा हेतु व तिचें साधन यांचा मेळ उत्तम आहे. व्याकरणाच्या ग्रंथांत शब्द काय आहे हें पाहावयाचें असतें. शाईच्या छटा तेथें गौण. मात्र १८८० ते १८८५ या काळांत मुंबईस कीलहॉर्न यानें महाभाष्याची चिकित्सक आवृत्ति काढिली, ती अनेक हस्तलिखितें ताडून काढिली, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. छायाप्रत निघाल्यानें संपादकाचें काम संपलें नाहीं. तें सुरू झालें.

तिसरी प्रत आमच्या मतें या तिहींत श्रेष्ठ. काश्मीरच्या महाराजांकडून सर विल्यम म्यूर याच्या द्वारें रुडॉल्फ रोट याच्या हातीं आलेली पैप्पलाद शाखेच्या अथर्ववेदाची भूर्जपत्रावरील शारदा पोथी रोटच्या पश्चात् ट्यूबिंगेनच्या विद्यापीठांत राहिली. ब्लूमफील्ड व गार्बे यांनीं १९०१ मध्यें बाल्टिमोर येथून तिची रंगीत छायाप्रत तीन भागांत, ५४४ चित्रपत्रांवर, प्रसिद्ध केली. भूर्जपत्र ज्यांनीं हातीं घेतलें आहे त्यांस येथें रंगाची गरज काय तें सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत ब्यूलर यानें काश्मिरांतून आणिलेल्या अशा पोथ्या आहेत. या सालीच्या अंगावर आडव्या काळसर रेघा निसर्गतःच असतात, आणि तिचे पापुद्रे सुटले कीं अक्षराचा तुकडा त्यांसह निघून जातो. नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत ही सालीची रेघ कीं शाईची, हें ओळखणें कठीण. रंगांत तें पुष्कळ अंशीं साधतें. या प्रतीच्या बळावर लिरॉय कार बॅरेट या अमेरिकन पंडितानें चाळीस वर्षांच्या आंत-बाहेर बहुतेक संहितेचें वाचन खंडशः प्रसिद्ध केलें. छायाप्रतीस याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

आणि तरीहि या श्रेष्ठ प्रतीनेंच छायाप्रतीची शेवटची मर्यादा दाखवून दिली. काश्मिरी पोथीचा पाठ अतिशय भ्रष्ट होता. तो तसाच्या तसा जगापुढें आला. आणि जेथें अर्थ लागेना तेथें पंडितांनीं तर्कानें दुरुस्त्या सुचविल्या. पुढें दुर्गामोहन भट्टाचार्य यांनीं ओरिसांतील ब्राह्मणांच्या घरीं याच शाखेच्या ताडपत्रावरील पोथ्या शोधून काढिल्या व १९६४ पासून त्यांच्या आधारें संहिता छापावयास आरंभ केला. तेव्हां कित्येक दुर्बोध स्थळें उलगडलीं. यंत्रानें चूक केली नव्हती. लेखकाची चूक तिनें निष्ठेनें जपली होती. प्रतिकृति शुद्ध म्हणून पाठ शुद्ध, असें अनुमान करणें म्हणजे टपालवाल्याच्या प्रामाणिकपणावरून पत्रांतील मजकूर खरा मानणें होय.

आतां आपल्या दप्तरांकडे वळूं. मोडी पत्राचें प्रामाण्य त्याच्या मजकुरांत जितकें असतें, तितकेंच कागदाच्या जातींत, जोडावरील शिक्क्यांत, मोर्तबाच्या दाबांत, पाठीवरील नोंदींत व घडीच्या खुणांत असतें. एकाच बाजूनें घेतलेल्या छायाप्रतींत यांपैकीं बहुतेक हरपतें. चंद्राच्या आंकड्यांतील ३ चें एक वळण फिकें असेल तर नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत २ उरतो, आणि तेवढ्यावरून मुक्कामाची तारीख व मग सबंध मोहिमेचा क्रम फिरतो. फोटोस्टॅट यंत्रांत तर छाया कांचेवर न घेतां थेट कागदाच्या गुंडाळीवर घेत. मूळ काळें तें तेथें पांढरें दिसे, व सुलट प्रत हवी तर त्या प्रतीचीच पुन्हां प्रत काढावी लागे. प्रत्येक पायरीस बारीक रेघ आणखी झिजे. शिवाय तोहि चांदीचाच कागद. हायपो नीट न धुतलेले फोटोस्टॅट आज संग्रहांत तपकिरी होऊन पडले आहेत. हल्लींच्या संगणकीय छायेंत चांदी नाहीं व हायपोहि नाहीं. पण पार्श्वभूमि पांढरी व अक्षर काळें करून देण्याची सोय तींत आहे. ती सोय वापरली कीं १८६१ चा दोष नव्या वेषांत परत येतो.

यावरून छायाप्रती काढूं नयेत असें कोणी समजूं नये. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, हें ज्यांस ठाऊक आहे ते प्रतीची निकड नाकारणार नाहींत. आमचें मागणें इतकेंच आहे. जो कोणी जुन्या कागदाची छायाप्रत प्रसिद्ध करील त्यानें तिच्याखालीं चार गोष्टी नमूद कराव्या: ती कोणत्या रीतीनें घेतली, मुळाचें माप काय, हात कोठें फिरविला आहे काय, आणि पाठीवर काय आहे. ज्यांच्या घरीं संग्रह आहेत त्यांस एक विनंति निराळी आहे. 'फोटो घेतला, आतां कागद कशाला' असें म्हणून मूळ कागद रद्दींत किंवा विक्रीस जातांना आम्हीं पाहिला आहे. प्रत काढल्यानें मूळ कागदाचें काम संपत नाहीं. उलट त्या प्रतीविषयीं जेव्हां वाद उत्पन्न होईल तेव्हां उत्तर देणारा तोच एक उरतो. साक्षीदार ठेवून वादीस घालवून देण्याचा हा न्याय आपण आपल्याच दप्तरांस लावूं नये. सुज्ञांस अधिक लिहिणें नलगे.