रुमालाचा रंग आणि दप्तराचें वय

जुन्या दप्तराचा रुमाल तांबडा दिसला कीं तो पेशवाईंतला, असा निर्वाळा देण्याची प्रवृत्ति कांहीं संग्राहकांत आढळते. घरगुती वनस्पतिरंगाईचा सांप्रत पुन्हां प्रसार होत असल्यामुळें तिला पुष्टीच मिळते. कारण जुनें तें झाडपाल्याचें आणि झाडपाल्याचें तें पक्कें, हें या विषयावरील बरेंचसें लेखन गृहीत धरून चालतें. या दोन्ही समजुतींची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम साधनें. पुणें जिल्ह्याचें गॅझेटिअर १८८५ चें. मुंबई इलाख्यांतील रंगाईवरील फॉसेट यांचा इंग्रजी निबंध १८९६ चा. दोन्ही उपयुक्त आहेत. परंतु ते आपापल्या काळाचे साक्षी होत. पेशवाई १८१८ मध्यें संपली. नंतरच्या साक्षीवरून आधींचा व्यवहार सिद्ध करावयाचा तर स्वतंत्र पुरावा हवा.

आतां कृति पाहूं. हिरडा हा लोणावळें-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर परिचित वृक्ष. सुती धागा तुरटी सहजासहजीं धरीत नाहीं. हिरड्याच्या तुरट द्रव्याच्या आधारानें ती बसते आणि तिच्यावर मंजिष्ठ किंवा आल यांच्या मुळांचा तांबडा रंग चढतो. घरीं रंगविणारे १०० भाग कापडास सुमारें २० भाग हिरडपूड घेतात. हा रंग पक्का खरा. पण हळद, पळसफुलें व कुसुंबा हेही वनस्पतिरंगच असून ते उन्हांत विटतात. हिरड्यांत हिराकस घातल्यास काळा रंग येतो, तो टिकतो. मात्र त्यांतील लोह कालांतरानें धाग्यासच खातें. हिराकशीच्या शाईनें पोथीचा कागद जळतो, त्याचें कारणही हेंच.

कालनिर्णयाचा प्रश्न याहून बिकट आहे. ग्रेबे व लीबरमान यांनीं १८६८ मध्यें अलिझरीन कृत्रिम रीतीनें सिद्ध केलें. १८९७ पासून कृत्रिम नीळही बाजारांत आली. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्येंच खुला झाला होता; मुंबईस उतरलेला माल मावळ ओलांडून पुण्यास येण्यास आडकाठी नव्हती. तेव्हां डोळ्यांनीं पाहून तांबड्याचें मूळ ठरविणें व्यर्थ होय. रसायनपरीक्षा मात्र बोलते: आपल्याकडील मंजिष्ठेंत पर्प्युरिन व मुंजिस्टिन हीं प्रमुख, आलाच्या मुळांत मोरिंडोन. केवळ अलिझरीन सांपडल्यास रुमाल १८६८ नंतरचा असल्याचा दाट संशय घ्यावा. उलट, मंजिष्ठ सिद्ध झाली तरी वय सिद्ध होत नाहीं; मंजिष्ठेनें आजही कापड रंगवितां येतें. शिवाय कागद जुने आणि रुमाल मागाहून बदललेला, असेंही घडतें.

म्हणून आंदर, नाणें व पवन मावळांतील ज्या घरांत दप्तरें असतील त्यांस आमची विनंति: जुना रुमाल धुवूं नये, पुन्हां रंगवूं नये, फाटका म्हणून टाकूं नये, तो कोणत्या कागदांभोंवतीं होता याची नोंद ठेवावी. नवें वेष्टन बिनरंगी, धुतलेल्या सुती कापडाचें असावें. घाटमाथ्याच्या दमट हवेंत कच्चा रंग कागदावर उतरतो. हौसेनें रंगविलेला रुमाल वरून बांधलाच, तर त्याच्या कोपऱ्याला साल लिहिलेली चिठ्ठी शिवावी. नाहीं तर पुढील संशोधकास आपणच चकविल्यासारखें होईल.