चांदीची लकाकी

दिवाळीच्या आधी आमच्या घरची चांदीची ताटे-वाट्या रिठ्याच्या पाण्यात पडतात. यंदा ती घासण्याचे काम माझ्या वाट्याला आले आणि हातातल्या तबकावरून काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे' ही १९८९ सालची कादंबरी आठवली. तिचा नायक स्टीव्हन्स हा लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या वाड्यावरचा बटलर. तिथे लॉर्ड हॅलिफॅक्स आणि हिटलरचा दूत रिबेनट्रॉप यांची खाजगी भेट ठरते. हॅलिफॅक्स आधी नाखूश. पण लखलखीत घासलेली चांदी पाहून त्यांची कळी खुलते. स्टीव्हन्सला म्हातारपणीही त्याचा केवढा अभिमान!

ही कादंबरी पुष्कळांनी अबोल राहिलेल्या प्रेमाची कथा म्हणून वाचली; १९९३ सालचा चित्रपट पाहिलेल्यांनी तर विशेषच. मला मात्र तिच्यात परराष्ट्रधोरण कुठे शिजते हे दिसले. मोस्ली यांच्या काळ्या सदऱ्यांच्या पक्षाला ब्रिटिश पार्लमेंटात एकही जागा कधी जिंकता आली नाही. तरी त्या पक्षातल्या एका बाईंच्या नादाने लॉर्डसाहेब दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकतात. कारण काय, तर घरी येणाऱ्या पाहुण्यांचा विचार! स्टीव्हन्स निमूटपणे हुकूम बजावतो. ती पाने वाचताना अंगावर काटा येतो.

माझी तक्रार एवढीच, की इशिगुरोंनी लॉर्डसाहेबांना फारच भोळे रंगवले आहे. असे पक्ष सत्तेत आले, की भोळ्या यजमानाची गरजही उरत नाही. डिसेंबर २०१७मध्ये ऑस्ट्रियात फ्रीडम पार्टी सरकारात भागीदार झाली आणि गृह, संरक्षण व परराष्ट्र ही तिन्ही खाती तिच्याकडे गेली. या पक्षाने २०१६ साली पुतिन यांच्या पक्षाशी सहकार्याचा करार केला होता. फेब्रुवारी २०१८मध्ये पोलिसांनी देशाच्याच गुप्तवार्ता कचेरीवर छापा घातला. पुढे न्यायालयाने तो बहुतांशी बेकायदा ठरवला. परंतु युरोपातल्या इतर हेरखात्यांनी ऑस्ट्रियाला माहिती देताना हात आखडता घेतला, तो घेतलाच. दहशतवाद्यांचा माग काढायचा तर ही देवाणघेवाण हवीच, आणि ती चालते केवळ विश्वासावर.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, या पक्षाने नेमलेल्या परराष्ट्रमंत्री क्नाइस्लबाई यांच्या लग्नात पुतिन स्वतः येऊन नाचले. त्या मेजवानीची भांडी कोणी घासली असतील, असा प्रश्न तबक पुसता पुसता मला पडला.