गुणवत्तेची व्याख्या आणि सत्ता : ‘द चोझन’चे परीक्षण

विद्यापीठातील प्रवेश गुणवत्तेनुसार व्हावेत, याविषयी सहसा दुमत नसते. गुणवत्ता कोणती मानावी, याविषयी मात्र असते. जेरोम काराबेल यांच्या ‘द चोझन’ (२००५) या ग्रंथाचे सारे विवेचन या मतभेदाभोवती उभे आहे. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या अमेरिकेतील तीन विद्यापीठांनी विसाव्या शतकात विद्यार्थी कसे निवडले, याचा हा इतिहास होय. बलवान गटांच्या हितसंबंधांबरोबर गुणवत्तेचा अर्थ पालटत जातो, असे त्यात प्रतिपादन केले आहे.

या प्रतिपादनाचा सर्वांत सबळ पुरावा हार्वर्डमध्ये सापडतो. तेथे पूर्वी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास बहुधा प्रवेश मिळत असे. १९२२ च्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण एकपंचमांशाहून अधिक झाले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी त्यावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. १९२३ मध्ये अध्यापकांच्या समितीने उघड भेदभावास नकार दिला. परंतु १९२६ मध्ये प्रवेशसंख्या १,००० वर सीमित करण्यात आली आणि चारित्र्य व व्यक्तिमत्त्व या निकषांना महत्त्व आले. त्यानंतर ज्यूंचे प्रमाण पुष्कळच घटले. ज्या गुणाचे माप घेता येत नाही, तो निवड करणाऱ्यास सर्वांत मोकळा अधिकार देतो, हे काराबेल यांनी विद्यापीठांच्या दप्तरांच्या आधारे साधार दाखविले आहे.

१९३३ मध्ये अध्यक्ष झालेल्या कोनंट यांनी दूरच्या प्रांतांतील हुशार मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. तथापि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप त्यांच्याही काळात टिकून राहिले.

एवढे मान्य करूनही, काराबेल यांची मीमांसा एका ठिकाणी अपुरी पडते. प्रत्येक निकष जर सत्तेचेच प्रतिबिंब असेल, तर १९२३ च्या नकाराची उपपत्ती कशी लावावी? समतेच्या तत्त्वाला काही बळ होते, म्हणूनच भेदभावाला चारित्र्याचे वस्त्र पांघरावे लागले. तत्त्वाचे हे बळ मानले नाही, तर अन्यायाला अन्याय म्हणण्याचा आधारच उरत नाही. दुसरी उणीव साधनांची आहे. दप्तरांत निवडणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो. शालेय शिक्षणाच्या दुरवस्थेमुळे ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांची तेथे नोंद नसते. विषमतेचा मोठा भाग तर प्रवेशद्वारापूर्वीच घडून गेलेला असतो.

या उणिवांनी ग्रंथाचे महत्त्व कमी होत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची हार्वर्डची पद्धत अवैध ठरविली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य मात्र त्या निकालाने रद्द झाले नाही. कोणता विशेषाधिकार पक्षपात ठरतो आणि कोणता परंपरा म्हणून टिकतो, हा काराबेल यांचा प्रश्न म्हणूनच प्रत्येक निवडसमितीने स्वतःस विचारण्याजोगा आहे.