इनामाचा आकडा

माझ्या एका कादंबरीत जत्रेतल्या कुस्तीचे प्रकरण आहे. ते वाचून आमच्या गावचे एक थकलेले पैलवान मला म्हणाले, "मास्तर, कुस्ती झ्याक लिवलीसा, पर इनाम किती व्हतं, त्ये कुटं लिवलंय?" मला तेव्हा थोडा रागच आला. मी डाव वर्णिले, हलगीचा ठेका वर्णिला, हरलेल्याच्या पाठीला लागलेली माती वर्णिली. आणि हे विचारतात रुपये! त्या प्रश्नाचे मोल मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले, आणि तेही एका परक्या मुलुखातल्या आठवणी वाचताना.

या आठवणी अमेरिकेतल्या स्प्रिंट कार शर्यतींच्या सुरुवातीच्या काळातल्या आहेत. स्प्रिंट कार म्हणजे एका माणसाची, उघड्या चाकांची, पुढे इंजिन असलेली छोटी मोटार. पूर्वी तिला 'बिग कार' म्हणत. तिकडच्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून भरणाऱ्या शेतकी जत्रांत घोड्यांच्या शर्यतीसाठी अर्ध्या मैलाच्या मातीच्या वाटोळ्या धावपट्ट्या असत. त्यांवरच या मोटारी पळू लागल्या. चालकाच्या डोक्यावर आजच्यासारखा पोलादी पिंजरा नव्हता. मोटार उलटली की पुष्कळदा सारेच संपले.

जुने चालक आणि त्यांचे मेकॅनिक जेव्हा हा काळ सांगू लागतात, तेव्हा एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वेग ते विसरतात, वर्षांची अदलाबदल करतात. पण कुठल्या गावी किती डॉलर मिळाले, हे सहसा सांगितल्यावाचून राहत नाहीत. वाङ्मयीन अभिरुचीचा वाचक अशा ओळी ओलांडून पुढे जातो. मीही जात असे. आता मला वाटते, त्या ओळींवरच थांबले पाहिजे. मात्र भोळेपणाने नव्हे.

भोळेपणाने का नव्हे, याला सबळ कारण आहे. १९१५ साली 'इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन' ही संस्था निघाली आणि जत्रांतल्या शर्यती बव्हंशी तिच्या छत्राखाली होऊ लागल्या. तिच्या आरंभीच्या काळातला बडा ठेकेदार म्हणजे जे. अ‍ॅलेक्स स्लोन. त्या काळच्या पुष्कळ शर्यती आधी ठरवून केलेल्या असत, हे तिकडच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. कोणी पुढे राहायचे, कोणी शेवटच्या फेरीत गाठायचे, विक्रम कितीचा जाहीर करायचा, हे सारे ठरलेले असे. चालकांना ठराविक पगार मिळे आणि बक्षिसाचा भला मोठा आकडा जाहिरातीच्या कागदावर शोभे. तेव्हा आठवणीतला आकडा हातात पडलेला, की भिंतीवर वाचलेला? सांगणारा खोटे बोलत नसतो; चाळीस वर्षांत भिंतीवरचा आकडा त्याच्या खिशात येऊन बसलेला असतो. आणि खरोखरीचे बक्षीस असले, तरी ते साऱ्याच्या सारे चालकाचे नव्हे. मालकाचा वाटा जाऊन त्याच्या हाती चाळीस टक्क्यांच्या आसपास येई.

मग हे लोक पैशासाठी पळत होते काय? "पैशासाठीच," असे ते सांगतात आणि लगेच म्हणतात, "पैसा होताच कुठे?" समीक्षकाने या दोन वाक्यांतले एक निवडू नये. बॉब स्वायकर्टचे उदाहरण पाहा. १९५५ साली त्याने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. त्या एका शर्यतीत त्याच्या मोटारीने सुमारे ७६,००० डॉलर मिळवले. त्याच वर्षी तो राष्ट्रीय विजेता ठरला आणि मध्य-पश्चिमेकडचा स्प्रिंट कार विजेताही. मोठ्या बक्षिसाचा धनी अर्ध्या मैलाच्या पट्टीवर पुन्हा कशाला जाईल? पण तो गेला. १७ जून १९५६ रोजी, इंडियानातल्या सेलम येथे, स्प्रिंट कार चालवतानाच त्याला मृत्यू आला. इंडियानापोलिसच्या विजयाला तेव्हा पुरते तेरा महिनेही झाले नव्हते. बक्षिसाच्या आकड्यावरून या माणसाचा उलगडा होत नाही. आणि "पैशाची त्याला पर्वा नव्हती" असे म्हणून त्याला साधुपुरुष केले, तर तेही खरे नव्हे.

म्हणून या आठवणींची माझी कसोटी साधी आहे. आकडा केवढा, हे मी पाहत नाही. तो पुढे कुठे गेला, हे पाहतो. जिथे नुसता आकडा आहे, तिथे जाहिरातच पुन्हा छापली गेली आहे. जिथे टायर, पेट्रोल, मालकाचा वाटा, रात्रीची खोली, इस्पितळात पडलेल्या सोबत्यासाठी फिरवलेली टोपी, असा हिशेब आहे, तिथे तो माणूस आणि त्याचा काळ उभा राहतो. १३ जुलै २०२३ रोजी ओहायोतल्या एल्डोरा येथे लोगन शुकार्टने एका शर्यतीत १०,०२,०२३ डॉलर जिंकले. त्या रकमेच्या शेवटी पाहा. वर्षाचा आकडाच तिथे आणून बसवला आहे! शुकार्टचा पराक्रम खरा, पैसाही खरा. पण ती रक्कमच भित्तिपत्रकासाठी जन्मली आहे. तिची आठवण अजून व्हायची आहे.

एवढा विचार झाल्यावर मी आमच्या पैलवानांकडे गेलो आणि विचारले, "तात्या, त्या कुस्तीला इनाम किती होतं?"

"अकरा रुपय," ते म्हणाले. "पाच वस्तादास्नी दिलं. तीन दुधाच्या उधारीला गेलं. ऱ्हायलेलं तीन आईच्या हातावर ठेवलं, तर ती म्हनाली, आता पुन्यांदा जाऊ नगंस."

माझ्या अख्ख्या प्रकरणात ही आई कुठेच नव्हती. इनाम विचारायचे राहिले, म्हणून तीही राहिली.