वाद्यमेळातला समुद्र : शान्ता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांची कोळीगीते

लोकगीत जितके विनावाद्य तितके ते अस्सल, असा एक समज आपल्याकडे नकळत रुजलेला आहे. शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली 'मी डोलकर', 'वादळवारं सुटलं गो', 'राजा सारंगा' ही ध्वनिमुद्रित कोळीगीते या समजाला बळी पडली आहेत. त्यांची लोकप्रियता निर्विवाद आहे. परंतु लोकगीताचे सुखद अनुकरण एवढ्यावरच त्यांची बोळवण केली जाते आणि त्यांच्यातील वाद्यमेळ वरून चढवलेला साज ठरतो. हा वाद्यमेळ संहितेचाच भाग आहे, असे येथे सुचवायचे आहे.

आक्षेप निराधार नाही. कवयित्री इंदापूरची, 'मी डोलकर'मधील पुरुषस्वर हेमंतकुमारांचा, म्हणजे बंगाली. खाडीकाठच्या लग्नात धवलारीण धवले गाते तेव्हा गाणे हा विधीच असतो. गाणारे आणि ऐकणारे अशी फाळणी तेथे नसते. ध्वनिमुद्रिकेने गीतापासून तो प्रसंग तोडला, हे मान्य करावे लागते. मात्र प्रश्न तेथूनच सुरू होतो : तुटलेला प्रसंग श्राव्य माध्यमात पुन्हा कसा उभा करायचा?

'डोल' म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून लावायचे पिशवीसारखे मोठे जाळे. 'मी डोलकर' या गीताचे शब्द एकट्या पुरुषाच्या बढाईने सुरू होतात. पण हेमंतकुमारांच्या भारदस्त स्वराला लता मंगेशकरांचा स्वर आणि समूहस्वर येऊन मिळतात. शब्दांतला 'मी' ध्वनीत 'आम्ही' होतो. डोल एकट्याने ओढता येत नाही, हे संहिता सांगत नाही. वाद्यमेळ आणि समूहस्वर सांगतात. 'वादळवारं' या गीतात याच्या उलट घडते. तेथे निवेदक किनाऱ्यावरची स्त्री आहे. तिचा एकटा स्वर भोवतालच्या ध्वनिविस्तारात लहान होतो आणि तिची असहायता शब्दांवाचून कळते. दोन्ही ठिकाणी वाद्यमेळ काढून घेतला तर अर्थच उणावतो.

१९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विद्युत् गिटार हाती घेतली तेव्हा श्रोत्यांतल्या काहींना तो द्रोह वाटला. साधन बदलले की सत्त्व गेले, ही धारणा केवळ आपलीच नव्हे.

पनवेलच्या खाडीकाठी मात्र हा वाद निव्वळ सैद्धान्तिक राहत नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. २०२५ मध्ये ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे यांसारख्या गावांना आपली जागा सोडावी लागली. 'डोल' म्हणजे काय, हे विचारून घ्यावे लागणारी पिढी या परिसरात वाढते आहे. तीच पिढी हळदीला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गीते आपली म्हणून नाचते. कोळीवाड्याबाहेर रचलेले गीत अशा रीतीने कोळीवाड्यात स्थिरावले आहे. अस्सलता उगमात शोधायची की उपयोगात, याचे उत्तर या प्रवासात आहे.

अर्थात गीताने शब्द राखला, खाडी राखली नाही. ज्या समूहस्वराने 'मी'चा 'आम्ही' केला, तो समूहच विखुरत असताना हे गीत केवळ उत्सवाचे म्हणून ऐकणे, हा त्याचा अर्धाच आस्वाद होय.